महेरुन्निसाच्या कानांबाबत

सोमवार, ८ ऑक्टोबर १९३४

औषधाच्या वेळा लिहून ठेवायला आज ही वही शिवली. अर्जांचे कोरे कागद उरले होते.

महेरुन्निसाला आठ दिवस हिवताप. दिवसाआड थंडी भरते, तीन गोधड्या पुरत नाहीत. आज रेवदंड्याहून डॉक्टर टिपणीस सायकलवरून चौलात आले. मोठा माणूस. लढाईत पल्टणीबरोबर मेसापोटेमियात होते. उन्हाची टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, खाली ठेवत नाहीत.

आमच्या रिवाजाप्रमाणे ती पडद्याआड, डॉक्टर ओटीवर, मी मध्ये. नाडीपुरता हात बाहेर. डॉक्टरांनी मला विचारायचे, मी तिला, तिने मला, मी डॉक्टरांना. अशा कामाला शांत डोक्याचा माणूस लागतो. तो या घरात आहे.

क्विनीनचे मिक्स्चर दिवसातून तीनदा. बाटलीला कागदाची पट्टी, एका खुणेइतका डोस. निजताना एक पुडी. सगळे मी स्वतः देणार. घड्याळ समोर ठेवून.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

ताप उतरला. अल्लाची मेहेरबानी.

औषध कडू आहे म्हणून महेरुन्निसाची तक्रार. मी म्हणालो, सबुरी ठेव. ती म्हणाली, तुम्ही घोटभर घ्या आणि मग सबुरी शिकवा. घेतले नाही. मोजून दिलेले औषध, माझ्या घेण्याने पुढे कमी पडले असते.

शनिवार, २० ऑक्टोबर

डॉक्टर आले. ताप आठ दिवस नाही हे ऐकून खूश. म्हणाले, औषध थांबवायचे नाही, ताप मुळासकट उपटायचा. पल्टणीत मी सहा-सहा आठवडे दिले आहे, आणि ते पंजाबी जवान होते, घोड्यासारखे.

महेरुन्निसा पडद्याआडून मला हळूच म्हणाली, मी पंजाबी न्हाय आणि घोडाही न्हाय, एवढं सांगा त्यांना. मी डॉक्टरांना म्हणालो, ती आपले आभार मानते.

हे भाषांतर नव्हे, पण अर्थ तोच.

बुधवार, २४ ऑक्टोबर

दुपारी महेरुन्निसा वैतागून म्हणाली, सदूला सांगा, भर दुपारी रहाट कशाला फिरवतो? बैलाला विसावा नको? मी वाडीत जाऊन सदूला चांगला फैलावर घेतला. तो आपला पोफळीला टेकून विडी ओढत होता. म्हणाला, भाय, रहाट कुटं हाय? बैल तो बगा, सावलीत बसून रवंथ करतोय. तुमी जेवलात का?

रहाट बंद होता. पाटाला पाण्याचा थेंब नव्हता.

घरी येऊन तिला सांगितले. तिने दोन्ही कानांवर हात दाबून पाहिले. मग म्हणाली, मग हे माझ्या कानात काय फिरतंय? सकाळपासून थांबत नाही.

मी म्हणालो, अशक्तपणा. शोरबा घे.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

औषध आणायला दवाखान्यात गेलो. डॉक्टर जेवायला गेले होते. कंपाउंडर धर्माजी बाटली भरत होता. त्याला सहज म्हणालो, घरातल्यांच्या कानात रहाट फिरतो. त्याने बाटली खाली ठेवली. म्हणाला, नुरुद्दीनभाय, हा क्विनीनचा प्रताप. फार दिवस घेतली की आधी कान वाजतात, मग ऐकू कमी येतं. वेळेवर थांबवली तर बहुतेकांचं परत येतं. पण वेळेवर थांबवायला पाहिजे. डॉक्टरांचा डोस पल्टणीतला आहे, बाईमाणसाला जड. त्यांना सांगा.

मी म्हणालो, तूच का सांगत नाहीस? तो म्हणाला, मी सांगितलं तर म्हणतील, धर्माजी, तू केव्हा डॉक्टर झालास? एकदा म्हणाले आहेत.

आता काही प्रश्न नाही. रोग कळला, कारण कळले. उद्याच डॉक्टरांना स्पष्ट सांगणार. मामलेदाराला, जकातवाल्याला, सबंध खात्यांना मी अर्ज लिहिले आहेत, कारकुनांनाही वाचताना घाम फुटेल असे. एक डॉक्टर काय.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

जुम्याचा दिवस. अशा दिवशी कुणाच्या चुका काढू नयेत. उद्या.

शनिवार, २७ ऑक्टोबर

गेलो. दवाखान्यात सात-आठ पेशंट. चारचौघांत घरच्या बाईमाणसाचे नाव कसे काढायचे? म्हणून नाव न काढता, डॉक्टरांकडे पाहून, पण ठामपणे म्हणालो, कानांत आवाज येतो.

पुढचे सांगण्याआधी त्यांनी मला खुर्चीवर बसवले, मान वाकडी केली, आणि कोमट पाण्याची पिचकारी माझ्या कानात सोडली. दोन्ही कानांत. मळ निघाला तो बशीत धरून सगळ्यांना दाखवला. एक कोळीण म्हणाली, बया, एवढा? डॉक्टर फार आनंदात होते. त्या आनंदात विरजण घालणे बरे वाटले नाही.

परतताना मला अर्ध्या मैलावरची गाडी ऐकू येत होती. घरी आल्यावर महेरुन्निसाने विचारले, सांगितलंत? मी म्हणालो, कानांचा विषय काढला आहे.

ते खरे आहे.

सोमवार, २९ ऑक्टोबर

विचार केला, बोलण्यापेक्षा करणे श्रेष्ठ. सकाळचा डोस खुणेच्या अर्धाच दिला. दिवसभर मनाला टोचणी. डॉक्टरांनी विश्वासाने बाटली हातात दिली आणि मी त्यांच्यामागे बेइमानी करतो. असरच्या नमाजात लक्ष लागेना. संध्याकाळी दीड डोस देऊन हिशेब पुरा केला.

आता मन शांत आहे. तिचे डोके गरगरते.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

डॉक्टर घरी आले. आज सोडायचे नाही असे ठरवून बसलो होतो. पहाटेपासून वाक्य घोकले होते: डॉक्टरसाहेब, या औषधाने हिचे ऐकणे कमी होत आहे, आपण फेरविचार करावा. निर्दोष वाक्य.

डॉक्टर पायरी चढतानाच म्हणाले, काय नुरुद्दीनसाहेब, बरं आहे ना? एवढ्यात टोपी गुडघ्यावर, घड्याळ हातात. त्यांच्या 'बरं आहे ना'मध्ये 'आहे'वर जोर असतो. त्यावर दुसरे उत्तर बसत नाही.

मी पडद्याकडे तोंड करून विचारले, बरं आहे ना? ती आतून म्हणाली, काय? मी पुन्हा विचारले. ती म्हणाली, तोंडात सुपारी धरून बोलता काय? मी मोठ्याने विचारले. मग तिने जे सांगितले ते असे: डाव्या कानाने जवळजवळ काही नाही, उजव्याने माणूस विहिरीत उभा राहून बोलतोय असं. म्हणावं, ताप परवडला.

मी डॉक्टरांना म्हणालो, ताप नाही.

डॉक्टर म्हणाले, शाब्बास, आणखी तीन आठवडे. आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तुमच्यासारखा समजूतदार नवरा प्रत्येक पेशंटला असता तर माझं निम्मं काम हलकं झालं असतं. असे बोलणाऱ्या माणसाला तेथल्या तेथे खोडून काढणे हे मला जमत नाही. हा माझ्या स्वभावाचा दोष नाही, वळणाचा आहे.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

डॉक्टर दिवाळीला पेणला गेले. चार दिवस नाहीत. काय हा योग! आजच पक्के सांगणार होतो.

तळ्याच्या सासरहून गुलबानू आली, पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन. मुलगी माझी, पण जीभ आईची. आल्या आल्या म्हणाली, अम्मा मला उत्तर का देत नाही? रागावली आहे काय? तिला सगळे सांगितले, कारणांसकट. ती म्हणाली, बावा, म्हणजे औषध कान खातंय हे तुम्हाला बारा दिवस माहीत आहे आणि तुम्हीच दिवसातून तीनदा पाजताय?

माझ्या कारणांची मांडणी तिने नीट ऐकली नाही.

तिने बाटली उचलून ठेवून दिली. मी समजावले की डॉक्टरांना न विचारता औषध तोडले आणि ताप उलटला तर जबाबदार कोण? ताप जीव घेतो, कान घेत नाही. महेरुन्निसाने आमच्या हातवाऱ्यांवरून काय ते ओळखले आणि म्हणाली, डाक्तरच सांगेल तेव्हा थांबवू, पण त्याला कुणी सांगेल काय? बाटली परत जाग्यावर.

मग गुलबानू म्हणाली, गावाचे अर्ज लिहिता, एक अम्माचा लिहा.

हे मला आधी कसे सुचले नाही! तोंडी बोलणे हवेत जाते. लिहिलेले राहते.

शनिवार, १० नोव्हेंबर

तीन दिवस ड्राफ्ट चालला आहे. अर्जाचा एक कायदा आहे, तो मी गुरुजींकडून शिकलो आणि तीस वर्षे पाळला. पहिले पान सबंध तारिफेचे. दुसऱ्या पानावर परिस्थिती. मागणी अगदी शेवटी, सहीच्या वर. वाचणारा मऊ झाला की मागणी आत शिरते. घाईने मागणाऱ्याचा अर्ज टोपलीत जातो.

पहिले पान उत्तम उतरले. 'मेहेरबान डॉक्टर टिपणीससाहेब यांचे सेवेशी, अर्जदार नुरुद्दीन विनंतिपूर्वक सादर करतो ऐसाजे, आपल्या हातगुणाने या मुलखातील हिवतापाने धास्ती घेतली असून, अर्जदाराचे कुटुंब आपल्या औषधाने ठणठणीत बरे जाहले आहे...' ठणठणीत लिहिताना हात जरा अडला. पण पुढच्या पानावर खुलासा येतोच.

गुलबानूला वाचून दाखवले. म्हणाली, कान कुठे आहेत? मी म्हणालो, येतील. म्हणाली, अम्माचे की अर्जातले?

मंगळवार, १३ नोव्हेंबर

अर्ज स्वतः नेऊन डॉक्टरांच्या हाती दिला. दोन पाने, टाचणी लावून. त्यांनी उभ्याउभ्या पहिले पान वाचले. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचले. म्हणाले, नुरुद्दीनसाहेब, लढाईतसुद्धा मला असं कुणी लिहून दिलं नव्हतं. मग म्हणाले, अहो, दुसरंही पान? निवांत वाचतो.

त्यांचे डोळे ओले होते. वाचतील.

आज अंगावरचे ओझे उतरले. जे सांगायचे ते सांगून झाले. आता डॉक्टर आणि अल्ला.

शनिवार, १७ नोव्हेंबर

औषध आणायला गेलो. दवाखान्यात शिरताच समोर भिंतीवर माझे अक्षर. पहिले पान काचेच्या फ्रेममध्ये, कडेला सोनेरी पट्टी. खाली दोन पेशंट उभे राहून वाचत होते. एकाने मला ओळखून सलाम केला.

धर्माजीला हळूच विचारले, दुसरे पान? तो म्हणाला, आणखी एक पान होतं?

अक्षर मात्र लांबून फार भारदस्त दिसते.

सोमवार, १९ नोव्हेंबर

दुसरे पान सापडले. निजतानाची पुडी उघडली तर कागदावर '...तिचे डावे कानाचे ऐकणे नाहीसे होत असून' एवढे वाचता आले. पुड्यांसाठी टेबलावरचे रद्दी कागद कापतात, त्यात गेले. बाकी पाच पुड्यांच्या कागदांवर बाकीचे. गुलबानूने सगळे जुळवून मांडले. मागणीचा तुकडा मिळाला नाही. तो दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असावा.

गुलबानू हसायला लागली आणि हसता हसता रडली. महेरुन्निसा विचारत होती, काय झालं, काय झालं? तिला कुणी सांगायचे आणि किती मोठ्याने? मी तिच्यासमोर तुकडे ठेवले. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, पुडी वाया घालवलीत?

बुधवार, २१ नोव्हेंबर

हे लिहावे की नाही.

दुपारी गुलबानू विहिरीवर गेली होती. बाळ आजीजवळ चटईवर. महेरुन्निसा पाठ करून तांदूळ निवडत होती. मी वाडीतून आलो तर बाळ रडून रडून निळे पडलेले. चटईवरून उंबऱ्याच्या दगडाशी घरंगळले होते, कपाळाला खोक. आणि ती दोन हातांच्या अंतरावर बसून तांदूळ निवडते आहे, अगदी मन लावून. तोंडात कसलीशी अंगाई. बाळाला झोप लागली आहे असे समजून.

मी बाळ उचलले तेव्हा तिने मागे पाहिले.

तिने सूप बाजूला ठेवले. बाळाच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली, जसे कुणी समुद्रातल्या दूरच्या मचव्याकडे बघते. मग विचारले, केव्हापासून रडतंय? मी उत्तर दिले नाही. देऊन काय उपयोग होता.

खोक लहान आहे. हळद भरली. गुलबानू माझ्याशी बोलत नाही.

परवा जुम्याची नमाज झाली की सरळ रेवदंडा. पेशंट असोत नसोत. फ्रेमखाली उभा राहून सांगणार. चार वाक्ये तयार आहेत. उद्या नाही, कारण उद्या ती वाक्ये पक्की करायची आहेत.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

जुम्याला तिच्या कानांसाठी मनापासून दुआ मागितली. इतकी लांब की मागचे लोक उठून गेले. बाहेर पडताना मनात विलक्षण बळ होते. चार वाक्यांची सहा झाली होती.

घरी आलो तर घर रिकामे. शेजारणीकडून कळले, सदूने छकडा जोडला, छकड्याला चादर बांधली, आणि दोघी बाळाला घेऊन रेवदंड्याला गेल्या.

दिवेलागणीला परत आल्या. सदू बैल सोडता सोडता म्हणाला, भाय, आज भाभीनी रेवदंडा गाजवला. मी भाईर रस्त्यावर गाडीत होतो, मला सगळा ऐकू आला. मच्छीबाजार पण गप झाला.

बाकीचे गुलबानूकडून तुकड्यातुकड्याने मिळाले. महेरुन्निसा सरळ आत गेली. बुरख्याचा पडदा वर टाकला. बाटली टेबलावर ठेवली. स्वतःचा आवाज तिला कळत नाही, म्हणून अंगणात हाक मारतात तशी ओरडून म्हणाली, डाक्तर, ताप सहा आठवडे न्हाय, औषध रोज हाय, आणि माझे कान गेले. नातू रडला तो ऐकला न्हाय. हे औषध थांबवा.

डॉक्टर म्हणाले, बाई, हे औषधाने नाही, तापाने होते. तिला ऐकू आले नाही. तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितले. डॉक्टरांनी मेसापोटेमियाचे सांगितले. तिने तिसऱ्यांदा सांगितले, तसेच, शब्दाला शब्द. डॉक्टरांनी हात जोडले. तिने चौथ्यांदा सुरुवात केली.

तेव्हा डॉक्टरांनी खिशातले घड्याळ काढून तिच्या कानाशी धरले. उजव्या कानाशी चिकटवले तेव्हा तिने मान हलवली. डाव्या कानाशी धरले. ती वाट बघत राहिली. डॉक्टरही वाट बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ खिशात ठेवले. धर्माजीला म्हणाले, बाटली ओतून टाक.

माझी सहा वाक्ये तशीच राहिली. पण माझी दुआ आणि तिचे जाणे एकाच घटकेला झाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

शनिवार, २४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बोलावणे पाठवले म्हणून गेलो. वाटले, माफी मागतील. काय उत्तर द्यायचे तेही ठरवले होते: डॉक्टरसाहेब, माणूस आहे, चुकतो.

ते फ्रेमसमोर उभे होते. म्हणाले, माझी चूक झाली. पल्टणीत कान तपासायला वेळ नव्हता, इथे होता. पण मी दर खेपेस विचारत होतो ना हो, बरं आहे ना म्हणून? आणि बोट फ्रेममधल्या एका शब्दावर ठेवले. ठणठणीत.

म्हणाले, हे कुणाचं अक्षर?

माझे होते. लांबूनसुद्धा ओळखू येत होते.

मग विचारले, कान येतील का? म्हणाले, उजवा येईल असं वाटतं. डाव्याचं मी सांगू शकत नाही. दोन-तीन आठवड्यांपूर्वी कळतं तर सांगू शकलो असतो.

मी दिवस मोजले नाहीत. वहीत तारखा आहेतच.

शनिवार, १ डिसेंबर

उजवा कान उघडला. पहाटे ती उठून बसली आणि म्हणाली, अजान झाली. झाली होती. तिने तोंडावर पदर घेतला.

सदूने रहाट फिरवला तेव्हा ती मुद्दाम वाडीत जाऊन उभी राहिली, उजवीकडून ऐकत. मग डावीकडून. मग परत आली.

शुक्रवार, ७ डिसेंबर

डावा कान गेला तो गेला. डॉक्टर काल येऊन घड्याळ धरून गेले. त्यांनी पडद्यातून थेट तिलाच विचारले, तिने थेट सांगितले. मी मध्ये बसलो होतो, पण काम नव्हते.

उद्या-परवा चांद. रमजान लागण्याआधी मन साफ करावे, कुणाचे काही बिघडवले असेल तर त्याची माफी मागून घ्यावी. आज ठरवले होते, आणि आजच केले. पुढे ढकलले नाही. हे या वहीत नमूद असावे.

दस्तरखानावर महेरुन्निसाने बाळाला आणि गुलबानूला उजवीकडे घेतले होते, त्याचा हुंकार ऐकू यावा म्हणून. उरलेली डावीकडची जागा मी घेतली. गुलबानूच्या कानावर जायला नको म्हणून आवाज जरा खालचा ठेवला, पण वाक्य स्पष्ट होते, आणि पहिल्याने तारीफ न करता सरळ मागणीवर आलो. म्हणालो, महेरुन्निसा, मला सगळे माहीत होते आणि मी बोललो नाही. तुझा कान माझ्या गप्प राहण्याने गेला. मला माफ कर.

ती घास चावत होती. माझे ओठ हलताना तिला दिसले असावेत. तिने पातेले ओढले आणि माझ्या भातावर आणखी दोन पळ्या कालवण वाढले.